जरा रेटून की!

फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला हे घरी सांगितलं, तेव्हा आबांनी पेपर खाली ठेवला.

"म्हंजे नेमकं काय शिकवत्यात?"

मी उत्साहानं सुरू केलं : व्यायाम, विजेचे शेक, मसाज...

"मालिश?"

"मालिशपण असतं त्यात."

"किती वर्सं?"

"साडेचार. चार वर्षं कॉलेज आणि सहा महिने इंटर्नशिप."

आबा आधी माझ्याकडं आणि मग आज्जीकडं बघत राहिले. तरुणपणी त्यांनी तालमीची माती अंगाला लावलेली. गंगावेशीपासून मोतीबागेपर्यंत त्यांची ऊठबस होती, आणि खासबागेत त्यांची एक कुस्ती तेवीस मिनिटं चालून बरोबरीत सुटली होती. ही तेवीस मिनिटं आमच्या घरी पाहुण्याला चहाच्या आधी दिली जातात. चार दिवसांत जमणाऱ्या कामाला नात साडेचार वर्षं घालवणार, हे अशा माणसाच्या पचनी पडणं अवघडच होतं.

"पोरगी हुशार हाय म्हनत हुतीस न्हवं?" ते आज्जीला म्हणाले आणि परत पेपर उचलला.

आबांना दोष देण्यात अर्थ नाही. पांढरा रस्सा कुणाच्या घरचा चांगला, यावर कोल्हापुरात जसं प्रत्येकाचं मत असतं, तसंच ते मालिशवरही असतं. शाहू महाराजांनी कुस्तीला आसरा दिला, १९१२ साली खासबागेचं मैदान बांधून झालं, गल्लोगल्ली तालमी उभ्या राहिल्या आणि रगडणं ही या गावाची घरगुती विद्या होऊन बसली. इथं फुटबॉलच्या टीमसुद्धा तालमीच्या नावानं खेळतात. तालमीत जोर-बैठका आणि लढती झाल्या की पोरं एकमेकांना रगडतात. धाकटा थोरल्याला, चेला वस्तादाला. हात भरून आले की पायानं. एकजण भिंतीला धरून दुसऱ्याच्या मांड्यांवर उभा राहतो आणि शांतपणे तुडवत राहतो. खालचा हल्ली मोबाईल बघत असतो. या प्रकाराला आमच्या पुस्तकात नाव नाही.

पुस्तकात जे होतं ते सगळं फ्रेंच होतं.

पहिल्या प्रॅक्टिकलला मॅडमनी आधी आमची नखं बघितली. मग अंगठ्या, घड्याळं, बांगड्या काढायला लावल्या. एका मैत्रिणीनं "मॅडम, जोतिबाचा दोरा हाय, निघत न्हाई" म्हटल्यावर तिला तो कोपराच्या वर सरकवायची सवलत मिळाली. पुढचा सगळा तास चादरीवर गेला. ज्या भागाला हात लावायचा तेवढाच उघडा, बाकी माणूस झाकलेला. चादर कुठं दुमडायची, कडा कुठं खोचायची, उशी कशाखाली घालायची. मसाज शिकायला आलेल्या आम्ही घरी गेलो ते अंथरूण घालायला शिकून.

मग नावं आली. एफ्लुराज, पेट्रिसाज, टॅपोटमाँ. ही फ्रेंच नावं रूढ करणारा योहान मेत्सगर हा फ्रेंच नव्हताच, तो अ‍ॅमस्टरडॅमचा डॉक्टर. मसाजचं नाव मात्र स्वीडिश, कारण पेर हेन्रिक लिंग नावाच्या गृहस्थानं १८१३ साली स्टॉकहोमला व्यायामाची संस्था काढली आणि पुढं मसाजचंही सगळं श्रेय त्याच्या खात्यावर जमा झालं. सरांनी हे आडनाव फळ्यावर लिहिलं आणि वर्गाकडं जी पाठ केली ती बराच वेळ तशीच ठेवली. थोडक्यात, हॉलंडच्या माणसानं फ्रेंच नावं दिलेला स्वीडिश मसाज आम्ही इंग्रजीतून शिकत होतो, आणि तोही कोल्हापुरात.

पाठ व्हावं म्हणून घरी येऊन वहीत या नावांपुढं मराठी शब्द लिहायला बसले. आज्जी चपात्यांची कणीक मळत होती. मी हातवारे करून दाखवायचे आणि ती मान वर न करता सांगायची. एफ्लुराज? "कुरवाळणं." पेट्रिसाज, म्हणजे मांस उचलून दाबायचं, सोडायचं? "तिंबणं." टॅपोटमाँतलं हॅकिंग? "थोपटणं." क्लॅपिंग? "चापटणं." पाउंडिंग? "बुकलणं." पाच मिनिटांत तक्ता भरला. फ्रेंचमध्ये पेत्रीर म्हणजे कणीक मळणंच, हे मला पुढं कधीतरी कळलं. आज्जीला मोठ्या कौतुकानं सांगितलं तर म्हणाली, "मग ये, मळ."

माझं घोडं अडलं ते हॅकिंगपाशी. मनगटं सैल सोडायची, बोटं मोकळी ठेवायची आणि करंगळीच्या कडेनं दोन्ही हात आलटून पालटून भराभर पाडायचे. आवाज हलका, टपटप यायला पाहिजे. माझा यायचा खाटकाच्या ठोकळ्यावरचा. आठवडाभर रात्री जेवण झाल्यावर उशीवर सराव केला. एका सकाळी शेजारच्या काकूंनी विचारलंच, "रोज रातीला खिमा करतासा काय गं?"

काकूंना खरं कारण सांगितलं, आणि तिथंच माझी चूक झाली. पोरगी मालिश शिकते ही बातमी दोन दिवसांत गल्लीभर झाली. त्यानंतर आमच्या घरी कुणीही नुसतं चहाला आलं नाही. माणूस बसायचा, पावसाचं बोलायचा, ऊसदराचं बोलायचा, आणि बोलता बोलता एक पाय पुढं करायचा. आत्तीनं तर एका लग्नात, अक्षता पडून पंगत बसायच्या मधल्या वेळात, माझ्यापुढच्या खुर्चीवर बसून पदर बाजूला घेतला आणि मान पुढं केली. "वाईच बग गं, सकाळपासनं धरल्या." मला सरावासाठी माणसं पाहिजे होती, त्यामुळं तक्रारीला तोंड नव्हतं.

पण या सगळ्या माणसांची एकच मागणी होती : जरा रेटून की!

समोर राहणारे तात्या गुजरीत सोनारकाम करतात. त्यांच्या पोटरीवर मी माझा पहिला शास्त्रशुद्ध एफ्लुराज केला. हाताचा पंजा सगळा टेकलेला, गती एकसारखी, दाब हळूहळू वाढवत घोट्याकडून गुडघ्याकडं. मॅडम असत्या तर दहापैकी आठ दिले असते. पाच मिनिटांनी तात्या डोळे मिटूनच म्हणाले, "पावडर लावून झाली असंल तर चालू कर आता."

आबा दारातून बघत होते. त्यांचा आक्षेप आणखी मुळातला होता.

"खालनं वर? केसाच्या उलट? कुणी शिकवलं हे?"

"आबा, रक्त हृदयाकडं ढकलायचं असतं."

"रक्ताला वाट म्हाईत न्हाई व्हय?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही नीटसं सुचत नाही. शिरांना झडपा असतात, रक्त एरवीही वरच जातं, आपण थोडा हातभार लावतो इतकंच.

आज्जीची काळजी वेगळ्या जातीची होती. पोरीच्या जातीनं परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा? मी तिला लंडनची गोष्ट सांगितली. १८९४ साली तिकडं मसाजच्या नावाखाली भलतेच धंदे चालतात म्हणून ओरड झाली. तेव्हा चार नर्सनी पुढं येऊन मसाज करणाऱ्या शिकलेल्या बायकांची संस्था काढली आणि नियम घातले : डॉक्टरच्या सांगण्याशिवाय मसाज नाही, भलत्यासलत्या जाहिराती नाहीत, आणि पुरुषांना सर्वांगाचा मसाज नाही. आजची इंग्लंडची फिजिओथेरपिस्टांची संस्था ती हीच. म्हणजे हा धंदाच मुळी चार बायकांनी अब्रू सांभाळत उभा केला. आज्जीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "शहाण्या हुत्या बाया. तूबी तसंच कर." त्या दिवसापासून तात्या आले की ती जपमाळ घेऊन त्याच खोलीत बसायला लागली.

दुसऱ्या वर्षी फ्रिक्शन शिकलो आणि गल्लीत माझी पत वाढली. हे लंडनच्या जेम्स सिरियॅक्स या डॉक्टरनं नावारूपाला आणलं. यात तेल नाही, पावडर नाही. दुखऱ्या स्नायुबंधावर एक बोट ठेवायचं, त्यावर दुसरं बोट चढवायचं आणि धाग्यांना आडवं, खोलवर घासत राहायचं. बोट कातडीवरून घसरता कामा नये, कातडीसकट हललं पाहिजे. पहिली मिनिट-दोन मिनिटं माणूस तारे मोजतो, मग तो भाग बधिर होतो. हातोडी मारून मारून तात्यांचं कोपर धरलं होतं. तिथं मी बोट टेकवलं आणि घासायला लागले तसे तात्या अर्धे उठून बसले. "आई अंबाबाई!" घाम फुटला, डोळ्यांत पाणी आलं, आणि चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की बस्स. "आता कसं! ह्येला म्हणत्यात मालिश! इतके दिवस काय करत हुतीस?" या सिरियॅक्सचे आईकडचे आजोबा, हेन्रिक केलग्रेन, स्वीडिश पद्धतीचे नावाजलेले मसाजवाले होते. म्हणजे तिकडंही घरात एक आबा होतेच.

तिसऱ्या वर्षी एकदा शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या सामन्याला आम्हा चौघींना बर्फाची पेटी आणि पट्ट्या देऊन बाकावर बसवलं. दुसऱ्या हाफमध्ये एक फॉरवर्ड पोटरी धरून खाली कोसळला. गोळा आला होता. गोळ्यावर पहिला उपाय चोळणं नव्हे. गुडघा सरळ करायचा, पायाचा पंजा नडगीकडं रेटून धरायचा आणि ताणलेला स्नायू सैल पडेपर्यंत थांबायचं. मी धरला. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की ही मुलगी काहीच करत नाही. आधी एक आवाज आला, "आगं चोळ की!" मग दहा, मग सगळं स्टँड. "चोळ! चोळ! रगड!" विद्यापीठाच्या तोंडी परीक्षेला दोन परीक्षक असतात, इथं हजारो होते आणि सगळे एकाच मताचे. शेवटी त्या खेळाडूनंच मान उचलून हळू आवाजात विनवलं, "ताई, जरा चोळल्यासारखं तरी करा. लोकं ऐकत न्हाईत." मी चोळल्यासारखं केलं. टाळ्या पडल्या.

इतकं होऊनही माझा खरा प्रतिस्पर्धी आबा नव्हते की ते स्टँड नव्हतं. तो गल्लीच्या टोकाला राहायचा, दहावीला दोनदा बसला होता आणि पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला, होता. कंबरेत उसण भरलेली माणसं सकाळी सकाळी त्याच्या दारात भिंतीला धरून, पाठ करून उभी राहायची. तो दात घासता घासता बाहेर यायचा, कंबरेवर हलकीशी लाथ द्यायचा आणि आत जायचा. असं तीन सकाळी. मी दोनशे सहा हाडं पाठ केली, प्रत्येक स्नायू कुठून निघतो, कुठं चिकटतो, त्याला कुठली नस जाते ते पाठ केलं. त्याचं शिक्षण जन्माला येतानाच पुरं झालं होतं. बरं, गुण यायचा. साधी उसण बहुतेकदा काही दिवसांत आपली आपणच उतरते, त्यामुळं तिसऱ्या दिवशी जो हजर असेल त्याला श्रेय मिळतं. कधी ते त्याच्या लाथेला मिळायचं, कधी माझ्या हाताला. मला मिळालेलं मीही बिनतक्रार घेतलेलं आहे.

एकदा दूध आणायला जाताना तो भेटला. मी विचारलं, "खरंच काय होतं रे लाथेनं?"

"मला काय म्हाईत ताई? लोकं पाठ करून हुबी ऱ्हात्यात, मी पाय लावतो. धा रुपये देत्यात." मग थोडं थांबून, "तू किती घेतीस?"

"फुकट करतो."

तो पुढं काही बोलला नाही. पण माझ्याकडं बघितलं ते आबांनी बघितलं होतं तसंच.

एक प्रसंग मात्र हसण्यातला नाही. गल्लीतला नववीतला पोरगा सायकलवरून पडला आणि कोपराजवळ हाड मोडलं. प्लॅस्टर निघाल्यावर हात सरळ होईना. त्याच्या आईनं बोलावून घेतलं. स्टोव्हवर तेल गरम होत होतं. "जरा रगडून दे, मोकळा हुईल." मी नको म्हणाले. मार लागलेल्या कोपराला जोरानं चोळलं, ओढलं, तर पुढच्या स्नायूत चक्क हाड धरायला लागतं. मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात त्याला, आणि आपल्याकडच्या हाडांच्या डॉक्टरांना हा प्रकार चांगला ओळखीचा आहे. त्यानं हात स्वतःच हलवायचा, सोसेल तेवढाच, असं मी सांगत राहिले. बाईंना ते पटलं नाही. फुकट मागितलं म्हणून पोरगी भाव खाते, असं वाटलं असावं. "ऱ्हाऊ दे गं, मी करतो," म्हणाल्या, आणि महिनाभर रोज सकाळी केलं, मायेनं केलं. पुढं एक्स-रेत स्नायूच्या जागी पांढरा ढग दिसला. हात काटकोनात अडकला होता. घास तोंडापर्यंत जाईना, म्हणून तो डाव्या हातानं जेवायला शिकला. मसाज कुठं करू नये, या प्रश्नावर त्या वर्षी मी परीक्षेत एक जादा पुरवणी घेतली.

तोंडी परीक्षेचे बाहेरचे परीक्षक पुण्याचे निघाले. शांत, हसरे, शुद्ध बोलणारे. "हं, काय करताय सांगा." मी इंग्रजीत सुरुवात केली, घाबरले आणि मराठीवर आले. "सर, मी आधी पेशंटला समजावून सांगतो, मग हात गरम करतो, मग पोटरीला पावडर लावतो..."

"कोण लावतो?"

"मी, सर."

त्यांनी हजेरीपट बघितला, माझ्याकडं बघितलं, परत हजेरीपट बघितला. आमच्याकडं बायकाही 'जातो, येतो, करतो' म्हणतात. लिहिताना मी 'करते' लिहिते. घाबरले की कोल्हापूर वर येतं. आमच्या मॅडमनी हळूच सांगितलं, "सर, इकडं असंच बोलतात." मग त्यांनी विचारलं, "एका पोटरीला अचानक सूज, गरम लागते, दाबलं की दुखतं. मसाज करणार?" मी म्हणाले, "हात लावणार नाही, सर. आत रक्ताची गुठळी असली तर चोळल्यानं सुटून फुप्फुसात जाईल. आधी डॉक्टर." ते म्हणाले, "नातेवाईक म्हणाले, जरा रेटून, तर?" त्यांना हे पुण्यात बसून कसं माहीत, याचं मला अजून नवल वाटतं.

आता माझं स्वतःचं छोटं क्लिनिक आहे. पेशंट आत येतो तो आधी मशीनकडं बघतो. "करंट किती मिनिटं लावनार?" मशीन लावलं नाही तर उपचार झाले असं त्याला वाटत नाही. निम्म्या जणांच्या "मणक्यात गॅप" आलेला असतो. खरं तर एक्स-रेत दोन मणक्यांमधली जागा कमी झालेली असते, म्हणजे असलेला गॅप गेलेला असतो. पण हे समजावून सांगायला गेलं की माणूस जास्तच घाबरतो. पैलवान पोरं विचारतात, "रगडल्यावर अंगातलं अ‍ॅसिड निघतं न्हवं?" लॅक्टिक अ‍ॅसिड मेहनतीनंतर तासाभरात आपलं आपण निवळतं, दुसऱ्या दिवशीची ठणक त्याची नसतेच. मसाजनं दुखणं काही काळ हलकं होतं, झोप चांगली लागते. पुढचं काम व्यायामाचं. म्हणून मी दहा मिनिटं मसाज करते आणि वीस मिनिटं व्यायाम शिकवते. लोक दहा मिनिटांचे पैसे आनंदानं देतात आणि वीस मिनिटं माफ करा म्हणतात.

आबांचे गुडघे आता गेलेत. रविवारी दुपारी ते माझ्यापुढं पाय पसरतात आणि मी खालून वर, केसाच्या उलट, हात फिरवते. "बरं हाय," ते म्हणतात. "पर जोर न्हाई." पाचव्या मिनिटाला घोरायला लागतात.

तर मंडळी, पाठ धरली, मान अवघडली, तर जरूर या. आधी तेल लावून आला असाल, तालमीतल्या कुणाकडून तुडवून घेतलं असेल, पायाळू माणसाची लाथ खाल्ली असेल, तरी मी रागावत नाही. फक्त कुणी, कुठं आणि कितीदा, एवढं आत आल्या आल्या सांगा. पालथं झोपल्यावर सांगू नका.